सोलर साईटवर वर्क ऑर्डरचं अ‍ॅप, आठ महिने वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आठ महिने झाले आमच्या सोलर प्रोजेक्टवर वर्क ऑर्डरसाठी (म्हणजे कोणी, कुठे, कुठलं काम करायचं त्याची नोंद) अ‍ॅप वापरतोय, पायलिंगपासून (जमिनीत पाईल म्हणजे खांब ठोकण्यापासून) सुरू केलं ते आता टेस्टिंगच्या शेवटापर्यंत आलोय, तर म्हटलं सगळं डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकावं. मी प्लॅनिंगला आहे, म्हणजे निम्मा दिवस ऑफिसच्या कंटेनरमध्ये आणि निम्मा दिवस टेबलांच्या (ज्यावर सोलर पॅनेल बसतात त्या स्ट्रक्चरच्या) रांगांमध्ये, त्यामुळे हे अ‍ॅप लॅपटॉपवरून पण आणि उन्हात मोबाईलवरून पण असं दोन्हीकडून वापरलंय. नाव लिहीत नाहीये, कारण पुढे तक्रारी आहेत, आणि जे सांगणार आहे ते या प्रकारच्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये तुम्हाला तपासून बघता येईल. पाचपैकी चार स्टार. पाचवा कुठे गेला ते केबलच्या चराच्या भागात लिहिलंय, घाईत असाल तर आधी तेवढंच वाचा.

आधी आमच्याकडे सगळं ग्रुपवर आणि शीटमध्ये चालायचं. संध्याकाळी सुपरवायझर ग्रुपवर टाकणार "ब्लॉक चार झाला", खाली एक फोटो, मी ते शीटमध्ये भरणार, आणि दोन दिवसांनी क्वालिटीवाला जाऊन बघतो तर मॉड्यूल (म्हणजे पॅनेल) चढलेत पण क्लॅम्पचा टॉर्क (नट ठरलेल्या जोराने आवळणं) अर्ध्या रांगेचाच झालाय. सुपरवायझर खोटं बोलत नव्हता हो, त्याच्या लेखी मॉड्यूल चढले म्हणजे काम झालं, क्वालिटीच्या लेखी टॉर्क होऊन नटावर मार्करची रेघ आली म्हणजे झालं, आणि बिलिंगच्या लेखी मोजमापाच्या कागदावर सही आली म्हणजे झालं. एकच शब्द आणि तीन अर्थ. आता आकडा बघा, ५५० वॉटचं मॉड्यूल धरलं तर एका मेगावॉटला साधारण १८१८ मॉड्यूल लागतात, २८ ची स्ट्रिंग (एकापाठोपाठ जोडलेल्या मॉड्यूलची माळ) धरली तर ६५ स्ट्रिंग, आणि प्रत्येक स्ट्रिंगच्या मागे क्लॅम्प, कनेक्टर, केबल, टेस्ट असं सगळं. हे सगळं "झालं" या एका शब्दावर कितीही मेगावॉटपर्यंत ढकलत न्यायचं म्हणजे शेवटच्या महिन्यात पंच लिस्ट (राहिलेल्या-चुकलेल्या कामांची यादी) डोक्यावर कोसळणारच, आणि आधीच्या प्रोजेक्टला ती कोसळली होती, रात्री टॉर्च लावून क्लॅम्प तपासलेत आम्ही.

तर या अ‍ॅपची जी गोष्ट मला मनापासून आवडली ती ही की त्यात "झालं" आणि "तपासलं" या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि एकच माणूस दोन्ही करू शकत नाही. टोळीचा मुकादम "झालं" करतो, मग ऑर्डर क्वालिटीच्या यादीत जाते, तो जागेवर जाऊन बघतो, पटलं तर "तपासलं" करतो, नाही पटलं तर कारण आणि फोटो टाकून परत पाठवतो, आणि परत गेलेली ऑर्डर नव्या नंबरने येत नाही, त्याच नंबरवर राहते. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. काही अ‍ॅपमध्ये नापास झालं की नवीन ऑर्डर तयार होते आणि जुनी बंद दिसते, म्हणजे कागदावर दोन कामं आणि जागेवर एक, असा डेमो आम्हाला एकाने दाखवला होता, तो तिथेच बाद केला.

ऑर्डर टेबलाच्या नंबराशी बांधलेली असते. नकाशात टेबलावर बोट ठेवलं की त्या टेबलाच्या सगळ्या ऑर्डरी खाली येतात, पाईल, स्ट्रक्चर, मॉड्यूल, स्ट्रिंगची केबल, टेस्ट. ऑफिसात बसून रंग बघितले की कुठली टोळी कुठे अडकलीय ते कळतं, पण मला त्यापेक्षा जागेवर उभं राहून ते उघडणं जास्त उपयोगी पडलं. एखाद्या टेबलाखाली केबल लोंबकळताना दिसली तर तिथल्या तिथे समजतं की हे काम अजून चालू आहे की कोणीतरी पूर्ण म्हणून सोडून गेलाय.

आता एक प्रसंग सांगते, त्यासाठी हे अ‍ॅप घेतल्याचं चीज झालं असं मला वाटतं. स्ट्रिंगचं ओपन सर्किट व्होल्टेज (पुढे काही न जोडता टोकांवर मिळणारं) मोजायची ऑर्डर होती, त्यात आम्ही तीन गोष्टी सक्तीच्या ठेवल्या होत्या, आकडा, मीटरच्या डिस्प्लेचा फोटो आणि मीटरचा नंबर. मीटरचा नंबर अशासाठी की १५०० व्होल्टच्या सिस्टिमला १००० व्होल्टपर्यंतचा मीटर चालत नाही, ते धोक्याचं आहे, आणि साईटवर दोन्ही प्रकारचे मीटर फिरत असतात. तर एका मुलाने १२५२ असा आकडा भरला, बरोबर वाटणारा, शेजारच्या स्ट्रिंगांना जुळणारा. क्वालिटीच्या पोराने फोटो मोठा करून बघितला तर डिस्प्लेवर आकड्याच्या डावीकडे बारीकशी वजा खूण. म्हणजे पोलॅरिटी उलटी. टोकाला कनेक्टर लावताना प्लसच्या केबलला मायनसचा कनेक्टर बसला होता. अशी उलटी स्ट्रिंग बाकीच्यांबरोबर कंबाइनर बॉक्सात (अनेक स्ट्रिंगा एकत्र येतात त्या पेटीत) जोडून फ्यूज बसवले असते तर काय झालं असतं ते या कामातल्या माणसाला सांगायला नको, बाकीच्या स्ट्रिंगा थेट तिच्यावर तुटून पडतात, फ्यूज उडणं हे त्यातलं सगळ्यात हलकं नुकसान. आकडा भरणाऱ्याची चूक नाही म्हणत मी, दुपारी त्या उन्हात डिस्प्ले दिसतच नाही, हाताचा आडोसा करून वाचावा लागतो. फोटो सक्तीचा होता म्हणून ते सापडलं, नुसता आकडा असता तर तो १२५२ म्हणूनच पुढे गेला असता.

पण याच टेस्टच्या फॉर्ममध्ये अ‍ॅपने (आणि खरं तर आम्ही पण) एक गोंधळ घातला, तो सांगायलाच हवा. फॉर्ममध्ये आकड्याला खालची आणि वरची मर्यादा टाकता येते, बाहेर गेला की लाल. आमच्या ऑफिसने मॉड्यूलच्या डेटाशीटवरून मर्यादा टाकली. डेटाशीटवर एका मॉड्यूलचं व्होल्टेज ४९.५, गुणिले २८ म्हणजे १३८६, त्याच्या ५ टक्के खाली-वर. पण डेटाशीटचा आकडा असतो २५ अंश सेल तापमानाला, आणि दुपारी सेल ६० अंशापर्यंत सहज जाते. आमच्या मॉड्यूलचं व्होल्टेज दर अंशाला ०.२७ टक्के घसरतं, म्हणजे ३५ अंशांच्या फरकाला जवळपास साडेनऊ टक्के, म्हणजे १३८६ चे झाले १२५५. पहिल्याच दुपारी सगळ्या ऑर्डरी लाल! टोळी बिचारी घाबरली, चांगल्या स्ट्रिंगा उघडून परत परत मोजत बसली, सुपरवायझर मला फोनवर म्हणाला "मॅडम, सगळंच चुकलंय का आमचं?" आणि काही चुकलेलं नव्हतं, मर्यादा चुकली होती.

बरं तापमानाची दुरुस्ती या अ‍ॅपच्या फॉर्ममध्ये करता येत नाही, दोन रकाने घेऊन त्यावरून तिसरा काढायची सोयच नाही. आम्ही मग वेगळा मार्ग काढला, मर्यादा काढून टाकली आणि एकाच कंबाइनर बॉक्सच्या सगळ्या स्ट्रिंगा एकाच ऑर्डरमध्ये, एकापाठोपाठ, थोड्याच वेळात मोजायच्या असं ठरवलं, म्हणजे ऊन आणि तापमान सगळ्यांना जवळपास सारखं आणि तुलना एकमेकींशी होते. इथे पण एक खाच आहे बघा, ५ टक्के फरक चालेल असं धरलंत तर एक मॉड्यूल कमी जोडलेली स्ट्रिंग त्यातच लपून जाते, कारण २८ मधलं एक म्हणजे साडेतीन टक्के. उन्हात १२५५ च्या जागी १२१०. आम्हाला अशा दोन स्ट्रिंगा सापडल्या, दोन्हीत मधलं एक मॉड्यूल वगळून पुढची वायर ओढली गेली होती, आणि दोन्ही सापडल्या त्या आम्ही तुलनेचा फरक २ टक्क्यांवर आणला म्हणूनच. हे अ‍ॅपचं श्रेय नाही, फॉर्म बनवणाऱ्याच्या डोक्याचं आहे, पण म्हणूनच सांगते, अ‍ॅपवाल्यांनी दिलेला तयार फॉर्म तसाच वापरू नका, तुमच्या टेस्टिंग इंजिनिअरला समोर बसवून बनवा. इन्सुलेशनच्या टेस्टला मात्र साधी खालची मर्यादा चालते, किमान १ मेगाओहम, त्याच्या खाली लाल, तिथे हे अ‍ॅप अगदी नीट काम करतं.

आता मुकादम मंडळींबद्दल, कारण अ‍ॅप आणायचं म्हटलं की सगळ्यात आधी विरोध तिथून होतो आणि ऑफिसातले लोक लगेच म्हणतात की त्यांना शिकायचं नसतं. मला हे अजिबात पटत नाही. आमच्या पायलिंगच्या मुकादमाला अ‍ॅप नको होतं कारण त्याचा अनुभव असा की ऑफिसने आणलेली प्रत्येक नवी गोष्ट त्याची चूक पकडायला येते. पहिले तीन आठवडे त्याच्या ऑर्डरी त्याचा मुलगा भरायचा. मग एका पट्ट्यात खाली खडक लागला. डिझाईनप्रमाणे पाईल १.६ मीटर खाली जायला हवा, तो १.१ वर अडकायचा, मशीन ठोकतंय ठोकतंय आणि पाईल हलत नाही. अशा वेळी वरून कापून टाकायचा मोह होतो पण तसं चालत नाही, जमिनीतली खोली कमी झाली तर वाऱ्याला पाईल वर खेचला जाऊ शकतो, त्यामुळे आधी भोक पाडायचं, भरायचं, मग ठोकायचं, म्हणजे एका पाईलला तिप्पट वेळ. पूर्वी हे जादा काम मुकादमाने तोंडी सांगायचं आणि महिन्याच्या शेवटी बिलाच्या वेळी भांडायचं, कोण म्हणणार किती पाईल अडकले होते. यावेळी त्याने प्रत्येक अडकलेल्या पाईलची ऑर्डर थांबवली, टेप लावून फोटो टाकला, खोली लिहिली, आणि मला त्याच दिवशी ऑफिसात दिसलं की रांग १७ ते २३ मध्ये खडक आहे. डिझाईनवाल्यांनी दुसऱ्या दिवशी भोक पाडायची परवानगी दिली, जादा कामाची वेगळी ऑर्डर त्याच पाईलला जोडली गेली, आणि महिन्याच्या शेवटी त्याचं बिल एकही आकडा न कापता पास झालं. त्यानंतर तो स्वतः भरायला लागला, चष्मा लावून, एका बोटाने, पण स्वतः. मला म्हणाला, "मॅडम, आता माझ्याकडे पण पुरावा आहे." हा माणूस वीस वर्षं या धंद्यात आहे आणि त्याच्याकडे कधी स्वतःचा पुरावा नव्हता, हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं.

आता चर. पाचवा स्टार इथे गेला.

केबल जमिनीखाली जाते तेव्हा चर भरायच्या आधीचे फोटो हाच एकमेव पुरावा असतो, खाली वाळू किती, केबलींमधलं अंतर किती, वर वाळू, मग वॉर्निंग टेप, आणि जॉइंट असेल तर तो नेमका कुठे. एकदा माती ओढली की संपलं. आमच्या साईटच्या लांबच्या टोकाला नेटवर्क नाही, अ‍ॅप ऑफलाइन चालतं असं विकणाऱ्यांनी सांगितलं होतं आणि ते चालतंही, फॉर्म भरता येतो, फोटो काढता येतो, नेटवर्कमध्ये आलं की वर जातं. पण वर काय जातं आणि कधी जातं हे कोणी सांगत नाही. आधी फॉर्मचा मजकूर जातो, तो हलका असतो, फोटो मागाहून जातात, आणि मजकूर गेला की ऑफिसात ऑर्डर हिरवी दिसायला लागते! फोटो अजून फोनमध्येच आहेत, रांगेत उभे आहेत, आणि स्क्रीनवर हिरवी टिक. एके दिवशी सुपरवायझरचा फोन बिघडला म्हणून स्टोअरमधून दुसरा दिला, जुन्यातलं अ‍ॅप काढून टाकलं, आणि ३८ फोटो गेले. एमव्ही (मध्यम व्होल्टेजच्या) केबलच्या चराचे, त्यात दोन जॉइंटचे.

चर दोन दिवसांपूर्वी भरला होता. तपासणीला आलेल्या इंजिनिअरने फोटो मागितले, आमच्याकडे हिरवी टिक होती आणि फोटो नव्हते. त्याने तीन ठिकाणी उघडून दाखवा म्हणून सांगितलं आणि त्याच्या जागी मी असते तर मीही तेच सांगितलं असतं. खाली केबल आहे म्हणून मशीन लावता येत नाही, चार माणसं फावड्याने, हाताने, हळूहळू, दीड दिवस. काम खाली अगदी व्यवस्थित निघालं, वाळू बरोबर, टेप बरोबर, जॉइंट सांगितल्या जागी, आणि म्हणूनच जास्त जिवाला लागलं, ज्या टोळीने इतकं चांगलं काम केलं त्यांनाच ते परत उकरायला लागलं. टोळीचा मुकादम काही बोलला नाही, फक्त परत माती ओढताना मला म्हणाला, "या खेपेला फोटो माझ्या फोनमध्ये पण ठेवतो." सपोर्टला कळवलं तर उत्तर आलं की अ‍ॅप काढायच्या आधी फोटो वर गेलेत का ते सेटिंगमध्ये जाऊन बघायचं असतं. म्हणजे सेटिंगच्या आत तिसऱ्या पानावर एक आकडा आहे, रांगेतले बाकी फोटो. तो आकडा पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात असायला हवा होता आणि फोटो पोचल्याशिवाय ऑर्डर हिरवी होताच कामा नये. तेव्हापासून आमचा नियम असा, रोज संध्याकाळी सगळे फोन कंटेनरपाशी वायफायवर, बाकी फोटो शून्य दिसेपर्यंत हलवायचे नाहीत, आणि चर भरायची ऑर्डर आम्ही वेगळी काढली, ती क्वालिटीने फोटो डोळ्यांनी बघितल्याशिवाय उघडतच नाही. थोडा वेळ जातो. जाऊ दे.

याच ऑफलाइनमध्ये अजून एक भोक आहे, दोघांनी एकच ऑर्डर नेटवर्क नसताना उघडली तर जो शेवटी नेटवर्कमध्ये येईल त्याचं राहतं आणि पहिल्याचं पुसलं जातं, कोणाला काही न विचारता. आमच्याकडे सकाळी एकाने केबलची लांबी भरली आणि दुपारी दुसऱ्याने नुसती शेऱ्याची ओळ टाकली, संध्याकाळी लांबीचा रकाना रिकामा. आता एका ऑर्डरला एकच माणूस असं करून टाकलंय.

ड्रॉइंगचं मात्र छान जमवलंय यांनी. आधीच्या प्रोजेक्टला आम्ही जुन्या रिव्हिजनवर (ड्रॉइंगच्या जुन्या आवृत्तीवर) १४० मीटर चर खणला होता, ड्रॉइंग बदललं होतं, मेल आला होता, पण टोळीच्या खिशात जुनाच कागद घडी करून ठेवलेला. इथे ऑर्डर उघडली की ड्रॉइंग त्याच्याच आत असतं आणि नवीन रिव्हिजन आलं की जुन्यावर आडवा लाल पट्टा येतो, आणि ज्या ऑर्डरी जुन्या रिव्हिजनवर सुरू झाल्यात त्या आपोआप थांबतात, ऑफिसने बघून सोडल्याशिवाय पुढे जात नाहीत. सुरुवातीला टोळ्या चिडल्या, कारण कोपऱ्यातलं एखादं टिपण बदललं तरी अख्ख्या ब्लॉकच्या ऑर्डरी थांबायच्या. यावर उपाय ऑफिसकडे आहे, ड्रॉइंग छोट्या तुकड्यांत चढवायचं, ब्लॉकवार, म्हणजे एका जागेचा बदल दुसऱ्या जागेला अडवत नाही. फक्त नेटवर्क नसलेल्या फोनला नवीन रिव्हिजन आलंय हे कळणार कसं? नाही कळत. सकाळी निघायच्या आधी एकदा सगळ्यांनी रिफ्रेश मारायचं, हाच त्यावरचा इलाज.

कनेक्टरबद्दल थोडं. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसतात, खट् आवाजही येतो, पण बसतात म्हणजे जुळतात असं नाही, आतला संपर्क नीट होत नाही, प्रतिकार वाढतो, तापतं आणि पुढे जाऊन वितळतं किंवा जळतं. मॉड्यूलला कंपनीकडून एक कनेक्टर लागून येतो आणि आपण केबलच्या टोकाला दुसरा लावतो, तिथेच हे घडतं. आम्ही स्ट्रिंगच्या ऑर्डरमध्ये जोडायच्या आधी दोन्ही अर्ध्यांचा शेजारी शेजारी धरून फोटो सक्तीचा केला, आणि स्टोअरने दिलेल्या पाकिटाचा नंबर ऑर्डरला जोडला. एका खेपेला स्टोअरमध्ये बदली माल आला होता, दिसायला हुबेहूब, तो पहिल्याच दिवशी अडवला गेला. स्टोअरचा भाग या अ‍ॅपमध्ये एरवी फार साधा आहे, दिलेला माल आणि वापरलेला माल यांचा ताळा लागत नाही, त्यासाठी आमची शीट अजून चालू आहे.

सुरक्षेचं सांगायचं तर परमिट (धोक्याचं काम सुरू करायची परवानगी) हा वेगळा भाग आहे आणि त्याचं लायसन्स पण वेगळं घ्यावं लागतं, हे मला चुकीचं वाटतं. मॉड्यूलवर ऊन पडतंय तोवर डीसीची बाजू जिवंत असते, स्विच पाडला तरी स्विचच्या मॉड्यूलकडच्या बाजूला व्होल्टेज असतंच, आणि करंट वाहत असताना कनेक्टर ओढला तर जो आर्क होतो तो डीसीचा असल्याने एसीसारखा शून्यावरून जात नाही, सहज विझत नाही. मग कंबाइनर बॉक्सच्या कामाची ऑर्डर आणि आयसोलेटरला (वीज तोडणाऱ्या स्विचला) कुलूप लावल्याचा पुरावा या दोन गोष्टी वेगळ्या कशा असू शकतात? आम्ही परमिटचा भाग घेतला, जोडला, आता कुलपाचा फोटो आणि करंट शून्य असल्याचा क्लॅम्प मीटरचा फोटो आल्याशिवाय ती ऑर्डर "सुरू" होत नाही. तुम्ही घेणार असाल तर हा भाग सोडू नका, बाकी कशात काटकसर करा.

फोनवर वापरायला कसं आहे? मध्यम. बटणं मोठी आहेत, हातमोजे घालून "झालं" दाबता येतं, पण यादीतून निवडायचं असेल तर हातमोजे काढावे लागतात. उन्हात स्क्रीन दिसत नाही, फोन तापतो आणि कॅमेरा बंद पडतो, हा अ‍ॅपचा दोष नाही पण फॉर्म जेवढा लांब तेवढा माणूस उन्हात जास्त वेळ फोन धरून उभा राहतो हे ऑफिसातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. मी पहिला मॉड्यूलचा फॉर्म २२ रकान्यांचा बनवला होता, हवामान, वाऱ्याचा वेग, टोळीतल्या सगळ्यांची नावं, सगळं. एक दिवस एका पोराबरोबर रांगेत उभी राहून स्वतः भरून बघितला, एका टेबलाला सहा मिनिटं लागली, आणि तो दिवसाला तीस टेबलं भरायचा, म्हणजे तीन तास. त्याच संध्याकाळी ७ रकाने केले. तारीख, वेळ, जागा, माणूस हे फोनला आपोआप कळतंच, ते विचारायचंच कशाला. आवाजात टिपण ठेवायची सोय आहे ती फार कामाची, वेगवेगळ्या भाषांच्या टोळ्या आहेत, लिहिण्यापेक्षा बोलणं सोपं जातं आणि ऑफिसात ऐकून समजतं.

मॉड्यूलचे सिरीयल नंबर स्कॅन करणं ठीक चालतं. मॉड्यूल चढवायच्या आधी, पेटीतून काढतानाच करा, नंतर बारकोड टेबलाखाली जातो आणि मान वाकडी करून स्कॅन करावा लागतो. पुढे वॉरंटीची वेळ आली तर कुठल्या टेबलावर कुठलं मॉड्यूल आहे ते हाताशी असतं.

ऑफिसच्या बाजूने एकच मोठी कुरकुर, नोटिफिकेशन. प्रत्येक ऑर्डरच्या प्रत्येक हालचालीला घंटी वाजते, दिवसाला शेकडो, आणि मग माणूस सगळ्याच बंद करतो, आणि नेमकी परत पाठवलेली ऑर्डर त्यात बुडते. आमच्याकडे एक परत आलेली ऑर्डर नऊ दिवस कोणी उघडली नव्हती. शेवटी फक्त "परत" आणि "थांबली" या दोनच घंट्या चालू ठेवल्या. रिपोर्ट बरे आहेत, पीडीएफमध्ये फोटोसकट निघतात, कमिशनिंगची (प्लांट चालू करून देण्याची) फाईल बनवताना टेस्टचे आकडे, तारखा, मीटरचा तपशील सगळं एकत्र मिळालं, आयईसी ६२४४६-१ (सोलरच्या टेस्टिंगचं आंतरराष्ट्रीय मानक) मध्ये जी टेस्टची कागदपत्रं लागतात त्यातली बरीचशी तिथूनच उचलली. मागच्या वेळी याच फाईलसाठी तीन माणसं महिनाभर बसली होती.

बिलाचं आधी मुकादमाच्या निमित्ताने आलंच आहे, एवढंच जोडते की आम्ही "तपासलं" झालेल्या ऑर्डरीवरच मोजमाप धरतो आणि ते ठेकेदाराला त्याच्या फोनवर दिसतं. पण मग क्वालिटीकडे माणसं पुरेशी पाहिजेत. मध्ये दोन आठवडे आमच्याकडे तपासणारा एकच होता, ४०० च्या वर ऑर्डरी "झालं" वर अडकल्या, टोळ्यांचे पैसे अडकले, आणि लोक अ‍ॅपला शिव्या देत होते. अ‍ॅपचा काही संबंध नव्हता, आम्ही माणूस दिला नव्हता. दुसरा तपासणारा आला आणि चार दिवसांत ढीग उतरला.

घ्यायचा विचार करत असाल तर डेमोला विकणाऱ्याच्या लॅपटॉपवर बघू नका, तुमच्या साईटवरचा सगळ्यात जुना फोन घ्या, फ्लाइट मोडवर टाका, वीस फोटोंची एक ऑर्डर भरा, मग फ्लाइट मोड काढून लगेच अर्ध्यात फोन बंद करा, आणि ऑफिसच्या स्क्रीनवर ती ऑर्डर कुठल्या रंगाची दिसते ते बघा. दुसरं, त्याच ऑर्डरवर दोन फोनवरून नेटवर्कशिवाय वेगवेगळं लिहून बघा. आणि हे बघताना तुमचा एक मुकादम शेजारी बसलेला असू दे, नुसता आयटीवाला नको.

आम्ही पुढच्या प्रोजेक्टसाठी हेच अ‍ॅप चालू ठेवतोय. त्यांच्या लोकांना ३८ फोटोंचं सगळं लेखी कळवलंय, पुढच्या व्हर्जनमध्ये फोटो पोचेपर्यंत ऑर्डर पिवळी दाखवू असं त्यांनी उत्तर दिलंय. ते व्हर्जन आलं की त्याच लांबच्या टोकाला जाऊन, त्याच सुपरवायझरच्या फोनवर बघणार आहे, आणि पिवळी दिसली तर इथे येऊन पाचवा स्टार टाकेन.